पीप, पिंप आणि किल्डरकिन

विचारणा अशी आहे: इंग्लंडातल्या टिमथी टेलर, हार्वीज अशा घराण्याच्या मालकीच्या ब्रुअऱ्यांवरचा मजकूर मराठीत आणताना 'कास्क एल'ला (म्हणजे पोटाच्या पिपात, 'कास्क'मध्ये, भरलेल्या एल जातीच्या बिअरला) 'ड्राफ्ट बिअर' म्हटलं तर चालेल का? आणि भांड्यासाठी 'पिंप' बरं की 'पीप'?

'ड्राफ्ट' चालणार नाही. आपल्याकडे हा शब्द इतका सैल झालाय की बंद डब्यांवरही छापलेला दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की बिअर मोठ्या भांड्यातून ओढून दिली. मग केगमधली, म्हणजे बंद धातूच्या भांड्यातली, लागर ही बिअरची दुसरी जातही ड्राफ्टच. म्हणजे जो फरक सांगायचा तोच या शब्दात बुडतो. केगमधली बिअर बहुधा गाळलेली, पाश्चराइझ केलेली असते आणि वायूच्या दाबाने वर ढकलली जाते. कास्कमधल्या एलमध्ये यीस्ट जिवंत असतं, आंबण्याचा शेवटचा टप्पा त्या भांड्यातच पार पडतो आणि त्याच भांड्यातून ती पेल्यात येते, बाहेरचा कार्बन डायऑक्साइड न घालता. 'रिअल एल' म्हणतात ती हीच. पण म्हणून 'खरी एल' असं भाषांतर करू नका. १९७१ साली सुरू झालेल्या 'कामरा' या ग्राहक चळवळीची ती घोषणा आहे, आणि तिच्या नावातसुद्धा 'रिअल' १९७३ मध्ये आलं. आधी तिथे एलचं 'पुनरुज्जीवन' होतं. घोषणेला वस्तूचं नाव समजून कोशात बसवणाऱ्यांना काय म्हणावं!

'एल म्हणजे कडक बिअर' हेही सारखं कानावर येतं. साफ चूक. एल की लागर हे यीस्टवर आणि आंबण्याच्या तापमानावर ठरतं, नशेवर नाही. टिमथी टेलरच्या 'लँडलॉर्ड'मध्ये अल्कोहोल ४.३ टक्के, हार्वीजच्या 'ससेक्स बेस्ट'मध्ये ४ टक्के. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून खपणाऱ्या बाटल्या बहुतेक लागरच्या असतात. आणि शुद्धिवाद्यांची 'यवसुरा' तर नकोच. जवापासून केलेलं सगळंच तिच्यात मावतं. एल, लागर, सगळं एका माळेत.

आता भांडं. 'पीप' हा पोर्तुगीज 'पिपा'. संस्कृत 'पिबति'वरून (पितो) पीप काढू पाहणाऱ्यांनी एकदा पोर्तो शहराची वाट धरावी. तिथे पोर्ट वाइनचा हिशोब अजून 'पिपा'त होतो, आणि दोरू खोऱ्यात एक पिपा म्हणजे ५५० लिटर. दारूच्या पिपाला इंग्रजी 'पाइप' म्हणत तोही याचाच भाऊ. गोव्याचे भाषाभ्यासक दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा केले, तेव्हापासून हा वाद खरं तर मिटलेला आहे.

पीप एकटं आलेलं नाही हे मात्र कुणी सांगत नाही. त्याचं 'बूच' ('बुशा') आणि द्रव उपसणारा 'बंब' ('बोंबा') दोन्ही पोर्तुगीजच. माझं मत असं की हे तीन शब्द सुटेसुटे नव्हे, एकाच धक्क्यावर एकाच मालाबरोबर उतरले: भांडं, ते बंद करायची वस्तू, ते रिकामं करायचं यंत्र. कोश तिघांना तीन पानांवर ठेवतात, त्यामुळे बिऱ्हाड एक असल्याचं कळत नाही.

पीप आणि पिंप यांत कोश फरक करत नाहीत. करायला हवा. आज 'पिंप' म्हटलं की डोळ्यासमोर मोरीतलं निळं प्लॅस्टिकचं, सरळ भिंतींचं, उभं पिंप येतं. 'पीप' पोटाचं असतं, मध्ये फुगलेलं. आणि कास्कचं सगळं काम त्या पोटावर चालतं, कारण ते आडवं निजवतात आणि साका पोटाच्या खोलगट भागात बसतो. सरळ भिंतीच्या ड्रममध्ये हाच साका तळभर पसरेल आणि तोटीतून पेल्यात येईल. तेव्हा इथे 'पीप'च लिहा. हल्ली ती बहुतेक स्टीलची असतात, पण पोट सुटलेलं नाही. टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथसारखी लाकडी पिपांवर अडून बसलेली घराणी थोडी.

या पिपाला दोन तोंडं असतात आणि भाषांतरात हमखास त्यांची अदलाबदल होते. 'शाइव्ह' हे पोटावरचं बूच, 'कीस्टोन' हे सपाट बाजूच्या काठाजवळचं. तळघरात पीप घोडीवर, म्हणजे आधाराच्या चौकटीवर, निजवायचं, शाइव्ह वर आणि कीस्टोन खाली येईल असं, आणि हलू नये म्हणून दोन्हीकडून पाचरी ठोकायच्या. तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअस. मग शाइव्हच्या मधोमध 'स्पाइल' म्हणजे लाकडी खुंटी ठोकायची, आधी मऊ, सच्छिद्र. तिच्यातून फेस उसळतो. पुसत राहायचं, बुजली की बदलायची. उसळी शमली की टणक खुंटी, म्हणजे उरलेला वायू आत टिकतो. कीस्टोनमध्ये तोटी मोगरीच्या एकाच सणसणीत घावात बसली पाहिजे. भीत भीत टकटक केलीत तर एलने आंघोळ होते आणि साकाही ढवळतो. निवळायला साधारण एक दिवस धरतात, उसळखोर एल असेल तर जास्त.

निवळण्याचं काम 'आयसिंग्लास' करतं: वाळवलेल्या माशाच्या फुग्यातलं कोलॅजन. ते यीस्टच्या कणांना धरून खाली बसतं, तुरटीने पाणी निवळतं तसं. या शब्दात काच शोधू नका. डच भाषेतला 'स्टर्जन माशाचा फुगा' इंग्रजांच्या तोंडी असा काचेचा झाला. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या फुग्याला जो भाव येतो, त्यामागच्या कारणांत हेही एक सांगतात.

विक्री चालू असताना मऊ खुंटी, रात्री टणक. उलट केलंत तर दोन्हीकडून मार. टणक खुंटी ठेवून ओढत राहिलात तर आत निर्वात होतो आणि तोटी गुळण्या करू लागते. मऊ खुंटी रात्रभर राहिली तर सकाळी एल मेलेली. पीप अर्धं व्हायच्या आत मागची बाजू अलगद उचलून पाचर सरकवायची. अगदी शेवटी, गिऱ्हाईक समोर उभं असताना उचललंत तर साका उठतो आणि पुढचे सगळे पेले गढूळ. तोटी लावल्यावर तीन दिवसांत पीप संपलं पाहिजे. ओढलेल्या एलच्या जागी हवा शिरते, आणि हवेबरोबर आंबटपणा. १२ अंशांच्या एलला 'कोमट' म्हणणारी मंडळी ४ अंशांच्या लागरवर वाढलेली असतात. त्याहून थंड केली तर धूसर होते आणि चव मुकी पडते.

तळघरातून वर ओढणाऱ्या यंत्राचं इंग्रजी नाव 'बिअर इंजिन', आणि मराठीत कुणीतरी 'बिअरचे इंजिन' लिहिलेलं पाहिलं की हात शिवशिवतात. तो हापसा आहे, गावातल्या बोअरवर असतो तसला. एका ओढीत साधारण अर्धा पाइंट (पाइंट हे पबमधलं पेल्याचं माप). 'बंब'ही बरोबर ठरला असता, पण आज बंबात पाणी तापतं आणि आगीचा बंब लाल असतो, म्हणून हापसाच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. पिपांची मापं: पिन साडेचार गॅलन, फर्किन ९, किल्डरकिन १८, बॅरल ३६. आज पबमध्ये येतं ते बहुतेक फर्किन, म्हणजे ७२ पाइंट, सुमारे ४१ लिटर. फर्किन सोपा आहे: जुन्या डचमधला 'छोटा चौथा', बॅरलचा पाव भाग. किल्डरकिन मात्र पाहण्यासारखा. 'किंड' म्हणजे मूल, म्हणून हे 'बाळपीप', असं सांगणारे भेटतात. ऐकायला गोड, पण तो 'किंटाल'चा लघुरूप शब्द आहे: छोटा किंटाल. किंटाल आला लॅटिनमधून, लॅटिनमध्ये अरबी 'किंतार'मधून, आणि अरबीत पुन्हा उत्तरकालीन लॅटिन 'सेंटेनारियम'मधून, म्हणजे शंभरी. युरोपातून निघून अरबस्तानमार्गे पुन्हा युरोपात! आणि हा किंटाल म्हणजे कोण? मार्केट यार्डात रोज पुकारला जाणारा आपला क्विंटल. कांद्याचा भाव आणि यॉर्कशरच्या एलचं पीप एकाच शब्दाने मोजतात. 'सेंटम' आणि संस्कृत 'शतम्' हे एका मुळाचे, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येतं. म्हणजे किल्डरकिनच्या पोटात शेवटी 'शंभर'च निघतो. मापाच्या शब्दाचा व्यापाराने केलेला एवढा प्रवास सोडून लोक बाळं शोधत बसतात.

'कास्क एल'साठी: पहिल्यांदा 'पिपात मुरलेली एल' लिहा, पुढे खुशाल 'कास्क एल'. 'आंबवलेली' नको, कारण आंबवलेली कुठली बिअर नसते? 'मुरणे'त भांडं, वेळ आणि आतल्या आत चाललेली घडामोड तिन्ही येतात. आणि 'लँडलॉर्ड'चं 'घरमालक' करू नका. पबमध्ये लँडलॉर्ड म्हणजे पब चालवणारा. इमारत बहुतेक वेळा त्याच्या मालकीची नसतेही, ती ब्रुअरीची असते.