नीट रिपीट करायचीय? आधी 369 गुणांची फोड करा

प्रश्न : मुलगी स्टेट बोर्डाची. बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) 300 पैकी 186. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 पैकी 369. उत्तरसूचीशी ताडून पाहिलं, तर बायोलॉजीत 64 बरोबर, 20 चूक, केमिस्ट्रीत 27 बरोबर, 15 चूक, फिजिक्समध्ये 14 बरोबर, 16 चूक, बाकीचे सोडलेले. आता रिपीट करतेय. रोज बारा तास बसते, तरी क्लासच्या टेस्टमध्ये 380 च्या वर जात नाही. बारावी पुन्हा देऊन टक्के वाढवावेत का? क्लास बदलून राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवू का? धाकटा दहावीत आहे, त्यालाही तिकडेच धाडायचा विचार आहे. – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आकडे विषयवार सुटे करून पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसतं ‘369 पडले’ असं कळवलं असतंत, तर काहीच सांगता आलं नसतं.

आधी बारावीचं. एमबीबीएसच्या मेरिटमध्ये बारावीचे टक्के धरत नाहीत. खुल्या वर्गाला पीसीबीत मिळून 50 टक्के लागतात, मागास प्रवर्गांना 40. तिला 62 आहेत. श्रेणीसुधारची परीक्षा देऊन तिचे दोन-तीन महिने जातील आणि हाती काही लागणार नाही. तो विषय सोडून द्या.

आता 369 कडे बघा. 105 बरोबर म्हणजे प्रत्येकी 4 प्रमाणे 420, त्यातून 51 चुकांचे प्रत्येकी 1 असे 51 वजा. चुकलेलं उत्तर बरोबर आलं की 5 गुण वाढतात. सोडलेला प्रश्न बरोबर आला तर 4. म्हणजे तिचे गुण जास्त करून अडकलेत ते सोडवून चुकलेल्या प्रश्नांत, आणि त्यातही बायोलॉजीतल्या 20 चुकांत 100 गुण आहेत. बारा तासांचे चौदा केले तरी या चुका आपोआप कमी व्हायच्या नाहीत, कारण त्या कशामुळे होतात हे अजून कुणी बघितलेलंच दिसत नाही.

त्यासाठी एक वही घाला. दर रविवारी दुपारी 2 ते 5 पूर्ण पेपर, ओएमआरसकट (गोल रंगवायची उत्तरपत्रिका). सोमवारी सकाळचे तीन तास फक्त त्या पेपरला. प्रत्येक चुकीपुढे चारपैकी एक अक्षर लिहायचं : ‘न’ म्हणजे आलंच नव्हतं, ‘घ’ म्हणजे घोळ झाला, ‘व’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘अ’ म्हणजे अंदाज. चार पेपर झाले की कुठलं अक्षर जास्त येतंय ते दिसेलच.

‘घ’ कसा असतो ते सांगते. एनसीईआरटीच्या (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या) पुस्तकात दिलंय की प्रत्येक वृषणात सुमारे 250 कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात 1 ते 3 शुक्रजनक नलिका. पाठ दोन्ही असतं, पण पर्यायात ‘प्रत्येक कप्प्यात 250 नलिका’ दिसलं की मूल फसतं. यावर धडा परत वाचून उपयोग नाही. पुस्तक मिटून दोन्ही आकडे कोऱ्या कागदावर लिहायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा, दहाव्या दिवशी पुन्हा. स्टेट बोर्डाच्या मुलांचं अजून एक दुखणं म्हणजे बायोलॉजी बोर्डाच्या पुस्तकातून पक्कं झालेलं असतं आणि नीटचं वाक्य एनसीईआरटीच्या वळणाचं असतं. अकरावी-बारावीची एनसीईआरटीच मुख्य धरा, आकृत्यांखालच्या ओळींसह.

‘व’ साठी एकच सवय : ‘अयोग्य’, ‘वगळता’ असे शब्द आले की पेनने गोल करायचा. जोड्या लावा आणि विधान-कारण या प्रश्नांत पर्यायांकडे बघण्याआधी आपलं उत्तर ठरवायचं.

अंदाजाचं गणित बरीच मुलं उलटं मांडतात. पाच अंदाजांत एक लागला तर हिशेब शून्यावर येतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अंदाज फायद्याचाच. पण अर्धवट आठवतंय म्हणून मारलेला अंदाज हमखास फसव्या पर्यायावरच जातो, कारण तो पर्याय त्यासाठीच दिलेला असतो. तिचे ‘अ’ मोजा. पाचात एकापेक्षा कमी लागत असतील, तर तसे प्रश्न तिने सोडलेलेच बरे.

फिजिक्समध्ये सगळा सिलॅबस एकदम धरू नका. सेमीकंडक्टर, अणू आणि अणुकेंद्रक, ड्युअल नेचर, युनिट्स, करंट इलेक्ट्रिसिटी एवढं आधी. रोज 25 गणितं, घड्याळ लावून. तिची कच्ची पानं तपासा. मायक्रोफॅरडचा 10 चा उणे सहावा घात राहून जाणं, सेंटिमीटरचं मीटर न करणं, अशा चुका तिथे सापडतात. रोटेशन जानेवारीनंतर बघू.

केमिस्ट्रीत जुन्या नोट्स असतील तर आवरून ठेवा. 2024 पासून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, एस-ब्लॉक, पॉलिमर्स हे धडे सिलॅबसमध्ये नाहीत. तरी ते घोकणारी मुलं आहेत.

वेळेचं म्हणाल तर 2025 पासून 180 प्रश्नांना 180 मिनिटंच. बायोलॉजीला 50, केमिस्ट्रीला 50, फिजिक्सला 65, उरलेली पंधरा मागे वळून बघायला. ओएमआर पानापानाला भरत जायचं. शेवटी एकदम भरायला घेतलं आणि एक गोल सरकला की पुढचं सगळं सरकतं.

तिच्या बायोलॉजीतल्या 12, केमिस्ट्रीतल्या 8 आणि फिजिक्समधल्या 6 चुका बरोबर झाल्या, शिवाय फिजिक्सचे सोडलेले 7 आले, तर बेरीज 527 होते. मात्र 527 ला सीट मिळेल का, हे आत्ता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 2024 ला पैकीच्या पैकी घेणारी मुलं होती, 2025 ला देशात पहिला आलेला 686 वर होता. टेस्टमध्ये गुणांपेक्षा रँक बघा.

कोट्याला जायची गरज मला दिसत नाही. ही वही बार्शीतही भरता येते. धाकट्याचं मात्र जपून. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी डोमिसाइलबरोबरच (रहिवासी दाखला) दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, अपवाद मोजके. त्याने बारावी राजस्थानातून दिली, तर इथल्या सरकारी कॉलेजांसाठी त्याला फक्त 15 टक्के ऑल इंडिया कोटा उरेल. पाठवायचंच ठरलं, तर अॅडमिशनआधी राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची चालू वर्षाची माहितीपुस्तिका काढून पात्रतेचं पान दोघं मिळून वाचा.