डार्वेनच्या पायऱ्या आणि आपली रांगोळी

प्रिय चिऊ,

काल दप्तर पाठीला अडकवता अडकवता तू विचारलंस, "आई, पाऊस रोज रांगोळी धुऊन नेतो, तरी तू रोज का काढतेस? आपल्या गल्लीत दुसरं कुणीच काढत नाही." बसची वेळ झाली होती, म्हणून मी "नंतर सांगते" म्हणून तुला पिटाळलं. आता सावकाश लिहिते.

गल्लीत दुसरं कुणी काढत नाही, हे आजच्यापुरतं खरं आहे. पूर्वी इथे, इंग्लंडमधल्या या डार्वेन गावात, दारोदार काढायचे.

आपल्या गल्लीतली घरं बघ. एकमेकांना चिकटलेली, दगडी, पुढे ना अंगण ना कुंपण. दार उघडलं की एक पायरी आणि लगेच फुटपाथ. गिरणीत राबणाऱ्यांसाठी बांधलेली घरं ही. कोपऱ्यावरून तुला जी इंडिया मिलची चिमणी दिसते, ती ३०३ फूट उंच आहे, १८६७ साली पुरी झाली. तशा कितीतरी चिमण्या तेव्हा गावभर धूर ओकायच्या. सकाळी घासलेली पायरी संध्याकाळी काजळीने काळी! तरी बायका दुसऱ्या दिवशी गुडघे टेकून पुन्हा ती घासायच्या आणि पायरीच्या कडेने पांढरा किंवा पिवळसर पट्टा ओढायच्या. हा पट्टा ज्या दगडाने ओढायच्या, त्याला म्हणतात डाँकी स्टोन. दगडाची पूड आणि सिमेंट मिसळून पाडलेली वडी. एका कंपनीच्या वडीवर गाढवाचा छाप असायचा, त्यावरून हे नाव. आधी तो गिरण्यांतच वापरायचे, तेलकट जिन्यांवरून पाय घसरू नये म्हणून. तिथून तो घरोघरी आला.

शेजारच्या आजींनी त्यांच्या आईचा एक तुकडा अजून जपून ठेवलाय. साबणाच्या वडीएवढा, सायीच्या रंगाचा, एका बाजूने झिजलेला. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला तो पायरीवर ओढून दाखवला. पायरी ओली होती तोवर काहीच दिसेना. वाळत गेली तशी एक फिकट रेघ हळूहळू वर आली. मला एकदम तुझ्या लालबागच्या आजीचा हात आठवला. रांगोळी म्हणजे तरी काय, शिरगोळ्याची पूड. तीही दगडाचीच.

आणखी एक गंमत ऐक. हा दगड बायका बहुतेक वेळा विकत घेत नसत. जुन्या चिंध्या गोळा करणारा माणूस गाडी घेऊन गल्लीत यायचा आणि चिंध्यांच्या बदल्यात दगड द्यायचा. आपल्या चाळीत बोहारीण यायची, जुन्या साड्या घेऊन भांडी द्यायची. आजी तिच्याशी तासभर घासाघीस करायची, तेव्हा कुठे एक पातेलं पदरात पडायचं.

चाळीत आम्हाला अंगण नव्हतंच. गॅलरीत उंबरठ्यापुढे हातभर जागा. आजोबा पहिल्या पाळीला गिरणीत जायचे, त्याआधी आजी तेवढी जागा पुसून चार बोटांची रांगोळी काढायची, उंबरठ्यावर हळदकुंकू वाहायची. मग गॅलरीतून अख्ख्या मजल्याची ये-जा सुरू व्हायची आणि दहापर्यंत रांगोळी फिसकटून जायची. आजीला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. पण एखाद्या दारात सकाळी रांगोळी दिसली नाही, तर ती लगेच डोकावायची, "काय गं, बरं नाही का?" कारण घरात कुणी गेलं तर आपल्यात रांगोळी काढत नाहीत. रांगोळी दिसली की सगळ्यांना कळायचं, या घरात सगळं ठीक आहे, चूल पेटली आहे. १९८२ च्या संपात आजोबांची गिरणी बंद पडली. घरात पैसे नव्हते, पण आजीची रांगोळी एक दिवस चुकली नाही.

म्हणून मी काढते. पावसाने गेली तर गेली, सकाळी ती होती ना! पोस्टमनला दिसली, शेजारच्या आजींना दिसली. मला दोन दिवस ताप होता तेव्हा त्या सूप घेऊन आल्या, आठवतं? त्यांना कुणी सांगितलं असेल? कुणीच नाही. दारात रांगोळी नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी या गावात गिरणीकामगारांना भेटायला आले होते. परदेशी कापडावरच्या त्यांच्या बहिष्काराने इथलं काम आणखी कमी झालं होतं, तरी बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत, असा फोटो आहे. त्या दिवशी इथल्या पायऱ्या लख्ख घासलेल्या असणार, याची मला खात्री आहे.

शनिवारी ऊन पडलं तर मूरवर, म्हणजे गावावरच्या उंच माळावर, टॉवरपर्यंत चढून जाऊ. तिथून घरांच्या सगळ्या रांगा दिसतात, आपलं छप्पर शोधून काढू. आणि रविवारी शेजारच्या आजी त्यांचा दगड देणार आहेत. पायरीची कड तू ओढ, मधली रांगोळी मी काढते. किती ठिपक्यांची काढायची, ते मात्र आधी सांगून ठेव.

तुझी,
आई