युद्धपट आवडतात, पण युद्ध नको वाटतं. मग खरा युद्धविरोधी चित्रपट कोणता म्हणायचा?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. युद्धपट पाहताना मजा येते याची लाज वाटावी का, हा एक. युद्धाला आणि त्यामागच्या साम्राज्यशाहीला खरोखर विरोध करणारा युद्धपट ओळखायचा कसा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो: लाज वाटून घेऊ नका. मजा मलाही येते. फक्त ती कुठे बसून येतेय, ते बघत जा.

'अपोकॅलिप्स नाऊ' हा व्हिएतनाम युद्धावरचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हेलिकॉप्टरांचा तो हल्ला सुरू झाला आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. समुद्रावरून थवा येतोय, भोंग्यांवर वाग्नर या जर्मन संगीतकाराची धून वाजतेय, खाली एक व्हिएतनामी गाव. पुढचे दोन दिवस ती धून डोक्यातून जाईना. आता, कोपोलाचा हा चित्रपट त्या युद्धाचा वेडाचार दाखवतो हे मला मान्य आहे. हल्ल्याच्या आधी तो क्षणभर गावातली शाळाही दाखवतो, एकदम शांत. पण तो क्षण गेला की आपण परत वर. तेवढा वेळ मी हेलिकॉप्टरमध्येच होतो, आणि मला तिथे छान वाटत होतं.

हे माझ्या एकट्याचं झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण 2005 च्या 'जारहेड'मध्ये आखाती युद्धावर निघालेले मरीन, म्हणजे अमेरिकी सैनिक, नेमकं हेच दृश्य पडद्यावर पाहत आरोळ्या ठोकतात. ज्या आठवणींवर तो चित्रपट बेतलाय त्या लिहिणारा अँथनी स्वॉफर्ड स्वतः मरीन होता. त्याचं म्हणणं असं, की व्हिएतनामवरचे हे सगळे चित्रपट बनवणाऱ्याच्या मनात काहीही असो, लढायला निघालेल्या पोराला त्यातून चेवच येतो. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोही 1973 मध्ये एका मुलाखतीत म्हणाला होता, की खरा युद्धविरोधी चित्रपट आपण पाहिल्याचं आठवत नाही, युद्धावरचा प्रत्येक चित्रपट शेवटी युद्धाच्याच बाजूचा होतो. (तरुणपणी फ्रेंच सैन्यातून पळून गेलेल्या माणसाचं हे मत आहे, म्हणून जरा जास्त वजन देतो.)

त्रुफोचं मला निम्मं पटतं. स्फोट पडद्यावर देखणा दिसतो, त्याला इलाज नाही. पण तो कुठून दाखवायचा हे तर दिग्दर्शकाच्या हातात असतं ना?

'अपोकॅलिप्स नाऊ' आला 1979 मध्ये. त्याच वर्षीच्या एका व्हिएतनामी चित्रपटाला 1981 मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात सुवर्ण पारितोषिक मिळालं. न्गुएन होंग सेन या दिग्दर्शकाचा हा कृष्णधवल चित्रपट इंग्रजीत 'द अबँडन्ड फील्ड' या नावानं ओळखला जातो. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातली पाण्याखाली गेलेली जमीन, पाण्यावर उभी केलेली एक झोपडी, नवरा, बायको आणि तान्हं मूल. अमेरिकी सैन्यानं हा पट्टा 'दिसेल त्याला गोळी' म्हणून जाहीर केलेला. हेलिकॉप्टर इथेही आहे, पण आता आपण पाण्यात आहोत. आवाज आला की आईबाप बाळाला प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, तोंड आवळतात आणि पिशवीसकट पाण्याखाली धरतात. वर पाती फिरतायत आणि आपण त्या पिशवीतली हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब करतोय. तेच यंत्र, तेच युद्ध. इथे खुर्चीत पुढे सरकणं काही झालं नाही. मी मागे सरकलो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच, की 'युद्ध वाईट असतं' असं म्हणणारा चित्रपट आपोआप साम्राज्यशाहीच्या विरोधात जात नाही. युद्ध वाईट, कारण आपली पोरं त्यात मोडून पडतात, इथवर बहुतेक हॉलिवूड येतं. 'प्लटून' येतो, 'डियर हंटर' येतो. त्या पोरांचं दुःख खोटं नाही, व्हिएतनाममध्ये सुमारे 58,000 अमेरिकी सैनिक मेले. पण व्हिएतनाम सरकारनं 1995 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तिथले 20 लाख नागरिक आणि 11 लाख लढवय्ये मेले, आणि ही माणसं पडद्यावर झाडीसारखी येतात. 'डियर हंटर'मध्ये तर व्हिएतनामी पहारेकरी कैद्यांना रशियन रूलेट खेळायला लावतात, म्हणजे एकच गोळी भरलेलं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढायचा. असं काही घडल्याचा पुरावा नाही, पण कित्येक प्रेक्षकांना त्या युद्धातलं तेवढंच आठवतं. 'ब्लॅक हॉक डाऊन'च्या शेवटची पाटी आठवा. 1993 च्या, सोमालियातल्या मोगादिशूच्या अमेरिकी कारवाईत हजाराहून जास्त सोमाली आणि 19 अमेरिकी सैनिक मेले असं ती सांगते. मग नावं येतात, ती फक्त 19 जणांची.

आणि एक प्रश्न असे चित्रपट सहसा विचारतच नाहीत: हे सैन्य तिथे गेलंच कशाला?

तो विचारणारा चित्रपट म्हणजे जिल्लो पोन्तेकोर्वोचा 'बॅटल ऑफ अल्जीअर्स', 1966 चा. फ्रान्सविरुद्ध अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा 1954 ते 1962 चालला, त्यातल्या अल्जीअर्स शहरातल्या लढाईची ही गोष्ट. सादी यासेफ हा त्या लढाईतला पुढारी. तो चित्रपटाचा निर्माताही आहे आणि स्वतःवर बेतलेली भूमिकाही त्यानंच केलीय. फ्रेंच छत्रीधारी सैनिकांचा कर्नल मॅथ्यू मात्र खलनायक नाही. हुशार आहे, सभ्य आहे, नाझींविरुद्ध भूमिगत लढ्यात होता. पत्रकार त्याला कैद्यांच्या छळाबद्दल विचारतात, तेव्हा तो उलट त्यांनाच विचारतो: फ्रान्सनं अल्जीरियात राहावं का? उत्तर 'हो' असेल, तर त्याचे सगळे परिणामही पत्करा.

हा प्रसंग मी किती वेळा पाहिलाय कोण जाणे. एखादा विकृत अधिकारी दाखवला की प्रेक्षक सुटतो: तो वाईट होता, बाकी व्यवस्था ठीक. पोन्तेकोर्वो ही पळवाट बुजवून टाकतो. वसाहत ठेवायची असेल तर छळ हा तिच्या रोजच्या कामकाजाचा भाग आहे, आणि हे वसाहतीचाच अधिकारी थंडपणे सांगतो. दुसऱ्या बाजूलाही सूट नाही. अल्जीरियन बाई कॅफेत बॉम्ब ठेवते, त्याआधी कॅमेरा तिथल्या चेहऱ्यांवर रेंगाळतो, आइस्क्रीम खाणाऱ्या लहान मुलावरही. बरं, इतकं करूनही काय झालं? 2003 मध्ये, इराक ताब्यात घेतल्यानंतर, पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, आपल्या अधिकाऱ्यांना हाच चित्रपट दाखवला. बंडखोरांशी कसं लढावं यावर चर्चा व्हावी म्हणून! फ्रान्सनं तिथे राहावं का, हा प्रश्न पडद्यावर असताना समोर बसलेल्यांना तो ऐकू आला असेल का, मला शंकाच आहे.

पेंटागॉनचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात सांगतो. अमेरिकेत युद्धपटासाठी खरी विमानं, जहाजं, तळ हवे असतील तर पटकथा आधी संरक्षण खात्याला दाखवावी लागते. खटकलेलं बदललं तर सामग्री मिळते, नाहीतर नाही. हे लष्करी सहकार्य 1927 च्या 'विंग्ज'पासून चालत आलंय. 'टॉप गन'ला ते मिळालं, 'प्लटून'ला नाकारलं. 'अपोकॅलिप्स नाऊ'लाही मिळालं नाही, म्हणून कोपोलानं फिलिपिन्समध्ये हुकूमशहा मार्कोसच्या सैन्याची हेलिकॉप्टरं घेतली, आणि ती चित्रीकरण अर्धवट टाकून खऱ्या बंडखोरांवर चालून जायची. हॉलिवूडचा नट जॉन वेननं व्हिएतनाम युद्धाची बाजू घेणाऱ्या 1968 च्या 'ग्रीन बेरेज'साठी थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना पत्र लिहून मदत मागितली होती. त्या चित्रपटाच्या शेवटी व्हिएतनामच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. व्हिएतनामचा तो किनारा पूर्वेला आहे.

फक्त अमेरिकेलाच झोडपतोय असं वाटायला नको. एलेम क्लिमोवचा 'कम अँड सी' (1985) माझ्या मते त्रुफोला दिलेलं सगळ्यात तगडं उत्तर आहे. बेलारूसमधली गावं नाझींनी माणसांसकट जाळली, ती एका पोराच्या डोळ्यांनी दिसतात, आणि चित्रपट संपेपर्यंत त्या पोराचा चेहरा म्हातारा होतो. कुणालाही चेव येणार नाही. पण तो सोव्हिएत चित्रपटगृहांत लागला तेव्हा सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातल्या गावांवर बॉम्ब टाकत होत्या. 'द अबँडन्ड फील्ड'ला मॉस्कोत पारितोषिक मिळालं तेव्हा व्हिएतनामी सैन्य कंबोडियात होतं. दुसऱ्याच्या साम्राज्याविरुद्ध चित्रपट काढणं सगळ्याच सरकारांना परवडतं.

साम्राज्य स्वतःसाठी लढलेल्यांशीच कसं वागतं ते बघायचं असेल, तर सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेम्बेनचा 'कां द थियारोय' (1988) शोधून पाहा. लढाई जवळजवळ नाहीच. फ्रान्ससाठी लढलेले, जर्मनांच्या कैदेतून सुटलेले आफ्रिकी सैनिक डाकारजवळच्या छावणीत थकलेला पगार मागतात. 1 डिसेंबर 1944 च्या पहाटे फ्रेंच सैन्य त्यांच्यावरच गोळ्या चालवतं. चित्रपटात बुखेनवाल्डच्या छळछावणीतून आलेला एक सैनिक आहे, डोक्यावर जर्मन शिरस्त्राण घालून फिरणारा. सगळे त्याला वेडा समजतात. रात्री रणगाडे येताना त्यालाच दिसतात आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

आता, हे पाहायला सुरुवात कुठून करायची? एकाच आठवड्यात 1979 चे ते दोन्ही चित्रपट पाहा, आधी हेलिकॉप्टरमधला, मग पाण्यातला. पाण्यातल्या चित्रपटाच्या शेवटी नवरा गोळीला बळी पडतो आणि बायको ते हेलिकॉप्टर पाडते. मग कॅमेरा मेलेल्या अमेरिकी वैमानिकाजवळ जातो. त्याच्यापाशी एक फोटो असतो, त्याच्या बायकोचा आणि लहान मुलाचा.