रोपं नंतर आणा, आधी ऊन आणि माती बघा

भाऊ, नव्या घराबद्दल मनापासून अभिनंदन. तुम्ही लिहिलंय की जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या नव्या वसाहतीत 50 बाय 80 फुटांच्या प्लॉटवर घर झालं. दार पूर्वेला, पुढे 20 फूट जागा, मागे 25, दक्षिणेला 8 आणि उत्तरेला 10. मागे लागूनच शेत. आईंना पूजेची फुलं हवीत, वहिनींना भाजी, पोरांना खेळायला जागा, आणि येत्या रविवारी नर्सरीतून 40 रोपं आणायचं ठरलंय.

त्या रविवारी नर्सरीत जाऊ नका, एवढं आधी ऐका. एप्रिल चालू आहे. मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. पिशवीतलं कोवळं रोप त्या उन्हात काळ्या जमिनीत घातलं तर त्याचे हालच होतात. आणि 40 झाडं तुमच्या जागेत मावणारही नाहीत.

आधी पहार घ्या आणि घराभोवती सात-आठ ठिकाणी दोन-दोन फूट खणून बघा. बांधकाम झालेल्या जागेत वरून माती दिसते, पण खाली डबर, खडी, प्लॅस्टरचे तुकडे, कुठे तरी माल कालवलेला सिमेंटचा थर असतो. मी 2009 मध्ये भुसावळजवळ घर बांधलं, तेव्हा हे पाहिलं नाही. कागदी लिंबू हौसेने लावला. तीन वर्षं पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस (लोहाचं खत) फवारलं की महिनाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी खणलं तर सव्वा फुटावर गवंड्यांनी माल कालवायची जागा निघाली, दगडासारखी. आपली जमीन मुळात चुनखडीची, त्यात सिमेंटचा चुना. झाडाला लोह मिळणार कसं? म्हणून असा थर लागला तर तो सगळा उचलून बाहेर टाका, त्यावर माती पसरून काम भागत नाही. ट्रॅक्टरभर शेतातली पोयटा माती आणावी लागली तरी आणा, तो खर्च वाया जात नाही.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठं झाड भिंतीजवळ असलं की त्या बाजूची ओल ओढून घेतं, माती तिथे जास्त आकसते आणि पाया हलतो. आमच्या पश्चिमेच्या भिंतीपासून फक्त 6 फुटांवर कडुनिंब होता. आठव्या वर्षी झोपायच्या खोलीच्या भिंतीला तिरपी चीर गेली आणि तो तोडावा लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीचा झोका त्याच फांदीला बांधायचो. अजून त्या कोपऱ्यात गेलं की जीव हळहळतो. तुम्ही निंब जरूर लावा, पण वायव्येच्या कोपऱ्याकडे, घरापासून 20 फूट तरी लांब. शेतकऱ्याशी आधी बोलून घ्या, कारण सकाळची सावली त्याच्या पिकावर पडणार. वड, पिंपळ, उंबर प्लॉटमध्ये नकोच. घराला लागून चारही बाजूंनी 3 फुटांची फरशी करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. भिंतीला चिकटून वाफे करून रोज पाणी सोडणं पायाला चांगलं नाही.

आता कुठे काय. बहुतेक लोक पुढे लॉन आणि मागे भाजी करतात. मी उलट सांगेन. तुमची पुढची बाजू पूर्वेची, तिथे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी घराची सावली येते. उन्हाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर जगवायला याहून चांगली जागा नाही. म्हणून भाजी पुढे, तुळशीच्या दोन्ही अंगांना, जास्वंद, मोगरा आणि शेवंतीच्या सोबत. पारिजातक फाटकाजवळ लावा, सकाळी सडा पडलेला आईंना दारातूनच दिसेल. लॉनचा नाद सोडा. आपल्या उन्हाळ्यात ते जगवायला जे पाणी लागतं, त्यात सगळी भाजी निघते.

उत्तरेच्या पट्टीत भाजी करू नका. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य आपल्याकडे साधारण 45 अंशांवर, दक्षिणेला असतो. घर 12 फूट उंच धरलं तरी सावली 12 फूट पडते, म्हणजे तुमची 10 फुटांची पट्टी सबंध हिवाळा झाकलेली. तिथे अळू, पानवेल आणि कुंड्यांमधली रोपं ठेवा. दक्षिणेची पट्टी त्याच कारणाने हिवाळ्यात उत्तम. भरताची हिरवी वांगी तिथेच. बी जून-जुलैत गादीवाफ्यावर टाका, महिन्याने रोपं लावा, थंडीत भरीत तयार. भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोद गावाकडचं बी कुणाकडून मिळालं तर सोडू नका.

पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, दुपारी तीननंतर ती भिंत तव्यासारखी तापते. निंब मोठा होईपर्यंत भिंतीपासून 4 फुटांवर बांबूचा मांडव करून गिलकी-दोडकी चढवा. पुढच्या फेब्रुवारीत बी टोकलं की एप्रिल-मेमध्ये भिंतीवर सावली येईल आणि भाजीही. मागे फळझाडं चारच प्रकारची: एक पेरू, एक लिंबू, एक शेवगा आणि न्हाणीच्या पाण्यावर केळीची दोन खुंटं. शेवगा पोरांच्या खेळापासून लांब लावा, त्याची फांदी काटकीसारखी मोडते. शेंगा संपल्या की दरवर्षी तीन-चार फुटांवर छाटायचा. मधली जागा पोरांसाठी मोकळी राहू द्या. आणि कुंपणाला कण्हेर किंवा पिवळी बिट्टी नको. शेळ्या खात नाहीत म्हणून लोक लावतात, पण दोन्ही विषारी आहेत. महादेवाला वाहायला आईंना हवी असली तरी लहान पोरं असेपर्यंत थांबा.

पाण्याचं थोडक्यात. तुमची गच्ची 1,100 चौरस फूट, म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. 700 मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला 70,000 लिटर पाणी वरून वाहून जातं. थोडं वाया गेलं तरी 50,000 हाती लागतं, ते गाळून बोअरच्या पुनर्भरणाला सोडा. न्हाणीचं पाणी केळीला चालतं. वॉशिंग मशीनचं नाही, त्यातल्या सोड्याने काळी माती दगड होते. आरओमधून बाहेर पडणारं पाणीही कुंड्यांना घालू नका, क्षार साचतात.

हा पावसाळा असा काढा. खड्डे आत्ताच 3 बाय 3 बाय 3 फुटांचे खणून उन्हात तापू द्या, जूनच्या आधी चांगली माती आणि कुजलेलं शेणखत घालून भरा. दोन चांगले पाऊस झाले की निंब धरून ही झाडं लावा. बाकी मोकळ्या जागेत पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग टाका आणि फुलावर आला की साधारण 45 दिवसांनी मातीत गाडा. झाडांभोवतीच्या आळ्यांत कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करून अंथरा, पण उधई (वाळवी) असेल तर घराजवळ नको.

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस घरीच थांबा. सकाळी 9, दुपारी 1 आणि 4 वाजता सावली कुठवर येते तिथे खुंट्या ठोका, तिन्ही वेळच्या वेगळ्या रंगाच्या. पोरांनाही सोबत घ्या. तो नकाशा काढून इथे टाका, मग वाफ्यांची मापं ठरवू.