सही करण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीचं पत्र आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. गार्डचं, म्हणजे पुढच्या फळीत उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्याचं, नाव समालोचकाच्या तोंडी बहुतेक वेळा चूक झाली तरच येतं. ती जागा तू आवडीनं निवडलीस, याचं मला कौतुक आहे.

एनएफएलचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, स्वप्न जरूर बघ. फक्त तिथला व्यवहार समजून घे. शाळा सुटल्यावर किमान तीन वर्षं ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांना, उभं राहता येत नाही. निवड झाली तरी उन्हाळी सरावाला प्रत्येक संघात 90 जण असतात, ऑगस्टअखेर 53 उरतात. बाकीच्यांना निरोप येतो: कोचनं बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये. झालं, लॉकर रिकामा करायचा. करारातली रक्कमही सगळी हमीची नसते. संघानं काढलं की पुढच्या वर्षांचे पैसे बहुधा गेलेच. पेन्शनचा हक्क तीन हंगामांनंतर लागतो, आणि तेवढेही अनेकांच्या नशिबी नसतात.

म्हणून जॉन अर्शेलबद्दल वाच. तोही गार्डच. पेन स्टेट विद्यापीठात खेळता खेळता त्यानं गणितात पदवी आणि मास्टर्स केलं. 2014 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स या एनएफएल संघानं त्याला ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत घेतलं. पुढच्या वर्षी सरावात डोक्याला मार बसला. तो मैदानात परतला, पण वरच्या पातळीचं गणित पूर्वीसारखं सुचायला त्याहून जास्त वेळ लागला. तरी 2016 मध्ये एमआयटीत पीएचडी सुरू केली, आणि 2017 च्या जुलैत, 26 व्या वर्षी, खेळ सोडला. त्याच आठवड्यात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: एनएफएलच्या 111 दिवंगत खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या मारांशी जोडलेला मेंदूचा आजार, सापडला. ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, शंका आलेल्या घरांतूनच जास्त आलेले, त्यामुळे तेच प्रमाण सगळ्यांना लावू नये. पण आकडा विसरूही नये. अर्शेल आज एमआयटीत गणित शिकवतो. खेळत असतानाच त्यानं अभ्यास चालू ठेवला होता, म्हणून बाहेर पडायची वेळ त्याला स्वतः ठरवता आली.

डोक्याचं मात्र बजावून सांगतो. हंगामाआधी स्मरणशक्तीची आणि प्रतिसादाची चाचणी घेतात, नंतर मार लागला तर तुलना करायला. काही मुलं ती मुद्दाम संथपणे देतात, म्हणजे पुढे दुखापत लपते. तू असलं काही करू नकोस. उजेड डोळ्यांना खुपला, पुकारलेला डाव आठवेना, की त्याच क्षणी ट्रेनरला सांग. जागा दुसऱ्याला गेली तर जाऊ दे.

आता काम. लाइनच्या, म्हणजे तुझ्या पुढच्या फळीच्या, कोचला विचार: इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल आणि सराव एकाच वेळी आले, तर काय करायचं? उत्तर ईमेलवर माग. शिवाय तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन लाइनमनना गाठून विचार, कॉलेजात आल्यावर अभ्यासाचा विषय बदलावा लागला का. दोन्ही उत्तरं मला पाठव, मग सहीचं बोलू.

तुझा,
काका