आयएसओ 'मानांकन' की प्रमाणपत्र?

एका ताईंनी विचारलंय की पेपरात 'अमुक शाळेला आयएसओ मानांकन' असं येतं, कंपनीच्या गेटवर 'आयएसओ प्रमाणित' असतं आणि सरकारी कागदात 'मानक', तर हे सगळं एकच का आणि बरोबर काय?

एकच नाही. मानक म्हणजे स्टँडर्ड, काम कसं चालायला हवं त्याच्या अटी लिहिलेला दस्तऐवज. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक, पहिल्यांदा १९८७ ला आलं. (गेटवर ९००१:२०१५ लिहितात त्यातलं २०१५ हे मानकाच्या आवृत्तीचं साल, कंपनीला सर्टिफिकेट कधी मिळालं ते नाही.) त्या अटींप्रमाणे काम चालतं हे तपासून जो कागद मिळतो ते प्रमाणपत्र.

खरा घोळ 'मानांकन'चा आहे. यातलं 'मान' हे मोजमापाचं, संस्कृत 'मा' धातूवरून आलेलं, तापमान, पर्जन्यमान, राहणीमान यातलं. मानपान, मानकरी, सन्मान यातला 'मान' वेगळा, तो 'मन्' धातूचा. पण ऐकणाऱ्याला मानांकन म्हटलं की मानाचाच मान ऐकू येतो, त्यात टेनिसमधल्या अग्रमानांकित खेळाडूमुळे हा शब्द क्रमवारीला चिकटलेला, म्हणून मग बातमीत मानांकन 'पटकावलं' जातं आणि सत्कार होतो, जणू जिनिव्हाहून, आयएसओच्या मुख्यालयातून, कुणी बक्षीस पाठवलंय. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं काढते, तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात.

आणि तपासणी कशाची होते ते मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरीला असताना पाहिलंय. ऑडिटरने बेंचवरचा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) उचलला, त्यावरचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे तो बरोबर मोजतो का हे तपासल्याचं, स्टिकर पाहिलं, तारीख उलटून दोन महिने झालेले. झालं, एनसी पडली, म्हणजे मानकाची अट पाळली नाही अशी नोंद. मग या व्हर्नियरने मोजलेला माल कुठे कुठे गेला ते रजिस्टरात शोधत आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. मला तरी सर्टिफिकेटची खरी किंमत तिथे कळली, कारण त्या दिवसापासून स्टिकरची तारीख बघितल्याशिवाय कुणी माप घेईना. शिवाय हा कागद साधारण तीन वर्षांचा, मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट (अटी अजून पाळताय का याची फेरतपासणी), म्हणजे एकदा पटकावून भिंतीवर टांगायची ही गोष्टच नाही.

म्हणून मला 'प्रमाणपत्र'च पटतो. प्रमाण म्हणजे पुरावा आणि प्रमाण म्हणजे ठरलेलं मापही, दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. हिंदीत 'मानक भाषा' म्हणतात तिथे आपण 'प्रमाणभाषा' म्हणतो, प्रमाणवेळ म्हणतो, म्हणजे स्टँडर्डसाठी हा शब्द आपल्याकडे मुरलेलाच आहे. पण आता 'मानक'ही रुळलाय, दस्तऐवजाला तो राहू द्यावा.

तेव्हा ताई, बातमी लिहायची असेल तर 'शाळेला आयएसओ ९००१ प्रमाणपत्र मिळालं' असं लिहा, नंबर गाळू नका, कारण १४००१ पर्यावरणाचं आणि ४५००१ कामगारांच्या सुरक्षेचं, नुसतं 'आयएसओ' म्हटलं तर काय तपासलं तेच कळत नाही.