‘डांके’ म्हणालीस की टोपली उचलली जाणार

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांची, सांगलीची. शाळेच्या एक्स्चेंजमधून दहा महिन्यांसाठी जर्मनीत, फ्रायबुर्गजवळच्या एका गावात आलेय. आज सहावा दिवस. घरचे चांगले आहेत, पण मी रोज अर्धपोटी झोपते. संध्याकाळी साडेसहाला टेबलावर ब्रेड, चीज, काकडी, मुळा, सगळं गार. होस्ट आई विचारते, ‘अजून हवंय का?’ मी ‘डांके’ म्हणते, तर ती टोपली उचलूनच ठेवते. मग खोलीत दार लावून आईनं दिलेलं भडंग खाते. तेही संपत आलंय. होस्ट आईनं तिला नावानं हाक मारायला सांगितलंय. जीभ रेटत नाही, म्हणून मी हाकच मारत नाही. काल रविवारी मदत करावी म्हणून रिकाम्या काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायला निघाले, तर होस्ट बाबा ‘नाइन, नाइन!’ (नाही, नाही!) करत मागे धावले. आईला फोन केला की रडू येतं. ती म्हणते, परत ये. मी त्यांना आवडले नाही का?

उत्तर : अगं, आवडण्याचं नंतर बघू, आधी तुझ्या पोटाचं बघू. कुणी काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांके’ म्हटलं, तर जर्मनीत त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होतो. तू ते ‘थँक्यू, वाढा’ या अर्थानं म्हणालीस की लाजून, ते तू लिहिलं नाहीस, दोन्हीकडून उपाशीच. हवं असेल तेव्हा ‘या, गेर्न’, म्हणजे ‘हो, आनंदानं’, असं म्हण, आणि टोपली स्वतः पुढे ओढ. त्यात हावरेपणा नाही.

१९९४ साली मी जर्मनीतल्याच ट्यूबिंगेनला एका घरी राहायला गेले, तेव्हा पहिल्या आठवड्यात माझीही हीच गत होती. आपल्याकडे पहिलं ‘नको’ कुणी मोजतच नाही. दुसऱ्याला वाढणारी हसते आणि तिसऱ्याला ताटात वाढून मोकळी होते. तिथं पहिलंच ‘नको’ खरं धरतात, पुन्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा. तुझी होस्ट आई तुझा मान राखतेय गं, आणि तू रात्री भडंग खातेस.

माझी ती होस्ट आई आठेक वर्षांनी पुण्याला आमच्याकडे आली होती. दुसऱ्या पुरणपोळीनंतर ती ‘नाइन’ म्हणाली, हातही आडवा धरला. माझ्या आईनं त्या हाताच्या बाजूनं तिसरी पोळी सरकवली आणि वर तूप सोडलं. चौथीही खावी लागली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, ‘तुझ्या आईला कमी ऐकू येतं का?’

संध्याकाळचं गार जेवण हा कंजूषपणा नाही. गरम जेवण दुपारी, रात्री ब्रेड, ही तिकडच्या कितीतरी घरांची जुनी रीत. त्याला आबेंडब्रोट म्हणतात, तुमच्या भागात फेस्परही ऐकशील. ब्रेडचा त्यांना अभिमान असतो, तेव्हा त्याला ‘पाव’ समजून नाक मुरडू नकोस. रात्री गरम काही लागतंच असेल, तर सांग. अंडं किंवा सूप करायला कुणाची ना नसते. आणि शाकाहारी असशील तर ‘मांस खात नाही’ एवढ्यावर भागत नाही. बटाट्याच्या सॅलडमध्ये बेकनचे तुकडे निघतात, रबरासारख्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं. नुसता बटाटाच आहे असं समजून मी त्या सॅलडची निम्मी वाटी संपवली होती!

आता बाटल्या. रविवार तिथं शांततेचा वार. दुकानं बंद, आणि काचेच्या डब्यात बाटल्या टाकायलाही मनाई, कारण खळ्ळकन आवाज होतो आणि शेजारी बोलतात. होस्ट बाबा तुझ्यावर रागावले नव्हते, शेजाऱ्यांपासून वाचवत होते. शिवाय सगळ्या बाटल्या त्या डब्यातल्या नसतातच. बऱ्याचशा बाटल्यांवर प्फांट म्हणजे अनामत असते, प्लास्टिकच्या एका बाटलीवर बहुधा २५ सेंट. त्या सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घालायच्या, चिठ्ठी मिळते, पैसे परत. हे काम तू मागून घे. भाषा फार लागत नाही आणि घरात आपला काही उपयोग आहे असं वाटतं.

हाक न मारणं मात्र मला खटकलं. तुला तो आदर वाटतो, पण त्या बाईला वाटत असेल की ही मुलगी आपल्याशी बोलतच नाही. नावानं हाक मारायची परवानगी दिलीय म्हणजे तिनं तुला जवळ घेतलंय. पहिल्यांदा जीभ अडखळेल. मी आरशासमोर उभी राहून सराव केला होता, हसू नकोस.

फोनचं गणित तुझ्या आईसाठीही मांड. तिकडे सात वाजता तू उठतेस टेबलावरून, तेव्हा सांगलीत साडेदहा झालेले असतात. म्हणजे आई दिवसभराची दमलेली, त्यात उपाशी लेकीचं रडं ऐकते आणि रात्रभर कूस बदलत राहते. ‘परत ये’ ती नाही, तिची ती रात्र म्हणतेय. रविवारी तुझ्या दुपारी दोनला फोन कर. तिच्याकडे साडेपाच, चहाची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडेल. मधल्या दिवसांत दोन ओळी लिही, पुरे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. त्या घरात कधी भीती वाटली, कुणाचं वागणं विचित्र वाटलं, तर संकोच न करता एक्स्चेंजच्या समन्वयकाला त्याच दिवशी सांगायचं. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी.

उरलेलं भडंग उद्या खाली टेबलावर ने. लसूण आणि तिखट आहे हे आधी सांग, नाहीतर होस्ट बाबांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि क्वार्क नावाचा डबा फ्रिजमध्ये शोध. तो आपल्या चक्क्याचा सख्खा मावसभाऊ. मागरक्वार्क, म्हणजे बिनसायीचा, घेऊ नकोस, कोरडा लागतो. चाळीस टक्के स्निग्धांशवाला घे, सुती फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांग, सकाळी पिठीसाखर नि वेलची. वेलची मिळते, तिकडच्या नाताळच्या बिस्किटांतही असते. सामान शनिवारीच आण, रविवारी दुकान उघडं सापडायचं नाही.